फंक्शन की मेली म्हणजे लॅपटॉप मेला असं नसतं

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याभरात आमच्या सोसायटीत तीन लॅपटॉप भंगारात जाता जाता वाचले आणि तिन्हींचं दुखणं कीबोर्डचंच निघालं, दोघांची दोन-चार बटणं मेलेली आणि त्यामुळे सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे सगळे ज्याला बायोस म्हणतात तिथे, शिरताच येईना. दुकानात मात्र तिघांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एकाला मदरबोर्ड गेला, एकाला विंडोज उडालं आणि मला तर सरळ "मॅडम, हे ठेवून काय करणार, नवीन घ्या". मी काही कॉम्प्युटरवाली नाही, एका पतसंस्थेत तीस वर्षं हिशेब लिहिले आणि आता निवृत्त आहे. पण हे जे कळलं ते लोकांपर्यंत जायला हवं असं फार मनापासून वाटतं म्हणून लिहितेय, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या.

आधी आमचंच सांगते. माझी भाची बार्शीहून एमपीएससीच्या तयारीला पुण्यात आलीय, सदाशिव पेठेत अभ्यासिकेत दिवसभर बसते आणि रात्री माझ्याकडे येते. तिला टेस्ट सिरीज द्यायला लॅपटॉप हवा होता. आमच्याकडे २०११ सालचा एक होता, दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून त्यावर अर्धा कप चहा सांडला आणि नंतर तो कपाटात पडून राहिला. काढला, चार्जर लावला, चालू केला तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या. तारीख-वेळ सेट नाहीये, एफ वन दाबा म्हणजे सेटिंग उघडेल, एफ टू दाबा म्हणजे पुढे जाईल. आणि आमच्या लॅपटॉपची नेमकी वरच्या ओळीतली एफ वन आणि एफ टू, म्हणजे फंक्शन की, दोन्ही मेलेली! दाबत बसलो पंधरा मिनिटं, काही नाही. बंद करून चालू केला की परत त्याच दोन ओळी. म्हणजे लॅपटॉप धडधाकट, हार्ड डिस्क धडधाकट, सगळे फोटो कागदपत्रं आत सुखरूप, आणि आपण दारात उभे.

शहरातल्या एका दुकानात घेऊन गेले. त्यांनी उघडूनसुद्धा बघितला नाही, त्या दोन ओळी वाचल्या आणि बोर्डचा प्रॉब्लेम आहे म्हणाले, पस्तीस हजारात नवीन मिळेल. भाचीचा चेहरा उतरला. पस्तीस हजार म्हणजे तिचा कितीतरी महिन्यांचा मेसचा आणि रूमचा खर्च, आणि तिकडे घरी सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नाहीत. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर वरच्या मजल्यावरचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो सहज आला होता. त्याने त्या ओळी वाचल्या आणि म्हणाला, काकू, आत एक नाण्याएवढा सेल असतो, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला, तो संपलाय एवढंच. बाकी मग कुठलाही साधा यूएसबी कीबोर्ड लावा आणि त्याची एफ टू दाबा. एवढं सोपं? म्हटलं चल. आमच्याकडे जुना ऑफिसचा कीबोर्ड होता माळ्यावर, पुसला, लावला, दाबली एफ टू, तरी काही नाही. तेव्हा खरं सांगते, मला वाटलं दुकानदारच बरोबर होता. तो मुलगा खाली वाकून बघत होता, म्हणाला, काकू, तुम्ही निळ्यात लावलाय, काळ्यात लावा. लॅपटॉपच्या डाव्या अंगाला दोन खाचा होत्या, एकीच्या आत निळं प्लास्टिक, दुसरीच्या आत काळं. काळ्यात लावला, कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला, एफ टू दाबली आणि गेला पुढे. भाचीने टाळी वाजवली.

नंतर त्याने कारण सांगितलं ते माझ्या चांगलं लक्षात राहिलंय. निळी खाच म्हणजे यूएसबी थ्री. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये यूएसबी थ्रीसाठी वेगळी चिप बसवलेली असायची आणि बायोसला ती ओळखता यायची नाही, विंडोज चालू होऊन ड्रायव्हर लागल्यावरच ती खाच जागी व्हायची. काळी खाच म्हणजे जुनी यूएसबी टू, ती बायोसला पहिल्यापासून ठाऊक. तेव्हा जुना लॅपटॉप असेल आणि बाहेरचा कीबोर्ड लावूनही काही होत नसेल तर खाच बदलून बघा, हार मानू नका. आणि कीबोर्ड वायरचाच घ्या. ब्लूटूथवाला इथे सहसा कामाचा नाही कारण त्याची जोडणी विंडोज करून देतं आणि विंडोज तर अजून आलेलंच नसतं. छोटा डोंगल लावायचा वायरलेस कीबोर्ड असतो तो बहुतेक वेळा चालतो.

हे "विंडोज अजून आलेलंच नसतं" हे वाक्य नीट समजून घेतलं ना की निम्मा गोंधळ संपतो. मला ते नाटकासारखं वाटतं. बालगंधर्वला तिसरी घंटा व्हायच्या आधी पडद्यामागे माणसं दिवे लावतात, सेट लावतात, सगळं जागेवर आहे का बघतात, ते काम बायोसचं. पडदा उघडला की विंडोज. आता स्क्रीनवर माउसने दाबायचा जो कीबोर्ड येतो, ऑनस्क्रीन कीबोर्ड, तो पडदा उघडल्यानंतरचा आहे, त्याने पडद्यामागच्या माणसाला हाक मारता येत नाही. तसंच बटणं बदलून देणारे प्रोग्राम असतात, पॉवरटॉइज, शार्पकीज वगैरे, म्हणजे मेलेल्या एफ टूचं काम दुसऱ्या चालू बटणाला द्यायचं, तेही फक्त विंडोजच्या आतच चालतं. लोक तासन् तास त्यात घालवतात आणि मग म्हणतात होत नाही. होणारच नाही, जागाच चुकलीय.

पण एक गंमत आहे आणि ती दुसऱ्या लॅपटॉपच्या वेळी कळली. आमच्या शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप सात-आठ वर्षांचा, विंडोज १० चालतंय व्यवस्थित, फक्त एफ टू आणि आणखी दोन बटणं गेलेली. त्यांना पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, टाकायचं होतं, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ते त्यांच्यात नाही. असे कितीतरी लॅपटॉप पुण्यात घरोघरी आहेत. पेनड्राइव्हवरून चालू करायचं तर सेटिंगमध्ये जायला हवं आणि तिथे जायची बटणंच मेलेली. पण २०१२ च्या, विंडोज ८ च्या काळापासून आलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आहे, आणि त्यात विंडोजच्या आतूनच निरोप ठेवता येतो की पुढच्या वेळी चालू होशील तेव्हा सरळ सेटिंगमध्ये जा. बटण दाबायचं कामच नाही. स्टार्टमधून पॉवरवर जायचं, शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करायचं, निळी स्क्रीन येते, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, मग रीस्टार्ट. शिफ्टसुद्धा मेली असेल तर सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, त्यात रिकव्हरी, त्यात ॲडव्हान्स्ड स्टार्टअपखाली रीस्टार्ट नाऊ, सगळं माउसने होतं.

आणखी एक रस्ता आहे, कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि शटडाऊन, स्पेस, स्लॅश आर, स्पेस, स्लॅश एफडब्ल्यू, स्पेस, स्लॅश टी, स्पेस, झिरो असं इंग्रजीत टाइप करून एंटर. हातातलं काम आधी सेव्ह करा कारण ते लगेच बंद होतं. यातलं एखादं अक्षर मेलं असेल तर मात्र ऑनस्क्रीन कीबोर्ड वापरता येतो, कारण आपण पडद्याच्या अलीकडे आहोत. पासवर्डमधलं अक्षर मेलं असेल तरी घाबरू नका, लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह असतं तिथून हाच कीबोर्ड उघडतो. वहिनींच्या पासवर्डमध्ये एक अक्षर मेलेलं होतं म्हणून त्या चार महिने तो लॅपटॉप उघडतच नव्हत्या, मुलाचे बारशाचे फोटो त्यात अडकलेले. त्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं आणि पाच मिनिटांत फोटो समोर. वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं हो.

एक ध्यानात ठेवा, ही यूईएफआयची ओळ त्या निळ्या स्क्रीनवर दिसलीच नाही तर समजा तुमचा लॅपटॉप जुन्या बायोसवर चालतोय, आमच्यासारखा, मग बाहेरचा कीबोर्ड हाच उपाय.

आता सावधगिरीचं, आणि हे मी कळकळीने सांगतेय. सेटिंगमध्ये शिरता आलं म्हणून दिसेल ते बदलू नका. तिथे सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाची सुरक्षा तपासणी, बंद केलं किंवा टीपीएमला हात लावला आणि लॅपटॉपला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे आतल्या माहितीला घातलेलं कुलूप, लागलेलं असेल, जे कित्येकांना माहीतच नसतं, तर पुढच्या वेळी तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती की नसेल तर आतलं काही म्हणजे काही मिळत नाही. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधी तिथे जाऊन ती कागदावर उतरवून घ्या आणि मगच सेटिंगला हात लावा. आम्ही वहिनींची की मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या गॅसच्या पुस्तकात ठेवली आणि त्यानंतरच पुढे गेलो.

बटण खरंच मेलंय का हेही आधी तपासा. अलीकडच्या लॅपटॉपवर एफ टू दाबलं की उजेड किंवा आवाज कमी-जास्त होतो, खरी एफ टू हवी तर खालच्या कोपऱ्यातलं एफएन सोबत धरावं लागतं. शिवाय वेळ चुकते. विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की मशीन आता इतकं लवकर चालू होतं की ती की पकडायला २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ उरतो, माणसाने तो पकडायचा कसा? आणि आपण शटडाऊन करतो तेव्हा फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होतच नाही, थोडं लिहून ठेवून झोपतं. पूर्ण बंद-चालू व्हायला रीस्टार्ट लागतो. म्हणून प्रयत्न करायचा तो रीस्टार्ट देऊन करायचा आणि कंपनीचं नाव स्क्रीनवर यायच्या आधीपासून बटण टकटक दाबत राहायचं. कुठलं बटण हेही सगळीकडे सारखं नाही, डेल, एसर, असूसला साधारण एफ टू, एचपीला एस्केप किंवा एफ टेन, थिंकपॅडला एफ वन किंवा एंटर. लोक भलतंच बटण दाबून ते मेलं समजतात.

तिसरा लॅपटॉप आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा, आणि तो उलट्या जातीचा होता. त्यांचं बटण मेलं नव्हतं, दाबलेलंच राहिलं होतं. चालू केला की पीं पीं पीं सुरू आणि आपोआप नको त्या मेनूत शिरायचा. इथे बाहेरचा कीबोर्ड लावून काही होत नाही कारण आतला दाबतच राहिलेला असतो. आधी मऊ ब्रशने कडेने साफ करून बघायचं, नाही जमलं तर आतल्या कीबोर्डची चपटी पट्टी बोर्डपासून काढावी लागते. ते मात्र जाणत्याकडूनच करून घ्या कारण कित्येक लॅपटॉपमध्ये चालू करायचं बटण त्या कीबोर्डवरच असतं, पट्टी काढली की चालूच होणार नाही. काकांचं तसंच होतं, म्हणून पट्टी न काढता पूर्ण कीबोर्डच बदलला.

त्यासाठी मी काकांबरोबर बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या बाजूला गेले होते. एका छोट्या गाळ्यात बसलेल्या दादांनी जुना कीबोर्ड उघडून दाखवला ते मला विसरता येणार नाही. बटणांच्या खाली पारदर्शक प्लास्टिकचे दोन पातळ कागद, त्यांवर केसासारख्या चंदेरी रेषा, एका कागदावर आडव्या जाणाऱ्या आणि दुसऱ्यावर उभ्या. बटण दाबलं की वरची रेष खालच्या रेषेला टेकते आणि त्यावरून मशीनला कळतं कोणतं दाबलं. दादांनी तो कागद ट्यूबलाइटसमोर धरला आणि नखाने दाखवलं, एके ठिकाणी रेष काळी पडून तुटलेली. म्हणाले, ताई, एक रेष आठ-दहा बटणांना पुरते, म्हणून एक तुटली की कधी कधी लांब लांबची बटणं एकदम जातात, लोकांना वाटतं बोर्ड गेला. माझ्या चहाने हेच केलं होतं. साखरेचा चहा आत वाळतो आणि ओल धरून ती चांदी खात राहतो. पाणी सांडलं तर परवडतं म्हणाले ते.

त्या दादांनी काकांचा कीबोर्ड पाच स्क्रू काढून वीस मिनिटांत बदलून दिला. आणि माझ्या लॅपटॉपचा तो सेलही तिथेच मिळाला, सीआर २०३२, पण दोन तारा जोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, घड्याळात घालायचा नुसता सेल इथे बसत नाही हे लक्षात असू द्या. सेल बदलण्याआधी आमचं रोज काय व्हायचं, तारीख मागे जाऊन १ जानेवारी २०११ व्हायची आणि भाचीची टेस्टची साइट उघडायचीच नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणायची. साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, मशीनला वाटतं आपण २०११ मध्ये आहोत, मग त्याला ते प्रमाणपत्र खोटं वाटतं. पोरगी नेटवाल्याला फोन करून करून थकली होती, आणि दुखणं निघालं त्या नाण्याएवढ्या सेलचं.

दादांनी एक गोष्ट खंतावून सांगितली. जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड स्क्रूवर निघायचा, आता पुष्कळ मॉडेलमध्ये तो वरच्या कव्हरला प्लास्टिक वितळवून कायमचा चिकटवतात, एक बटण गेलं तर अख्खं कव्हर बदला, आणि तो खर्च ऐकून गिऱ्हाईक लॅपटॉप तिथेच सोडून जातं. असे सोडून दिलेले लॅपटॉप त्यांच्या मागच्या फळीवर रचून ठेवलेले होते. मी मोजले नाहीत पण फळी वाकली होती.

याचा मला राग येतो. ज्या पुण्यात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० महासंगणक उभा केला त्याच पुण्यात एका बटणापायी चालतं मशीन भंगारात जावं? कंपन्यांना काहीच अशक्य नाहीये. लेनोव्होच्या काही लॅपटॉपना कडेला सुईच्या टोकाने दाबायचं छोटं बटण असतं, नोव्हो बटण म्हणतात, ते दाबून चालू केला की सरळ सेटिंगचा मेनू येतो, कीबोर्ड जाऊ दे की राहू दे. सोनीच्या वायोलाही असिस्ट नावाचं वेगळं बटण होतं. मग सगळ्यांनी का देऊ नये? असं एक वेगळं बटण प्रत्येक लॅपटॉपला सक्तीचं करायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा याचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, चांगलंच केलं, पण दुकानात बसलेल्या माणसाला आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते ठाऊक नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला मी विचारलं, एकानेही नाव ऐकलं नव्हतं.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की बोर्ड गेला सांगण्याआधी एकदा वायरचा कीबोर्ड लावून बघा, दोन मिनिटं लागतात. त्याचे शंभर-दोनशे रुपये घ्या, आम्ही आनंदाने देऊ. तपासणीचे पैसे कोणी नाकारत नाही, पण न तपासता पस्तीस हजारांचा आकडा ऐकवू नका, समोरची पोरगी तो ऐकून परीक्षेचा नाद सोडू शकते.

आणि आपल्याला विनंती अशी की आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन या विषयाला द्या. कोणत्या मेकला कोणतं बटण, बिटलॉकरची की कुठे सापडते, बाहेरचा कीबोर्ड कसा लावायचा, इतकं साधं मराठीत छापलंत तरी पुष्कळ होईल. नेटवर हे सगळं इंग्रजीत पडलंय, पण ज्याचा एकुलता एक लॅपटॉप उघडत नाहीये त्याने ते बघायचं कशावर? कात्रण मात्र फ्रिजवर लावता येतं. आमच्या सोसायटीत मी आणि त्या वरच्या मुलाने मिळून एक वायरचा कीबोर्ड वॉचमन काकांच्या केबिनमध्ये ठेवलाय, ज्याला लागेल त्याने वहीत नाव लिहून न्यायचा आणि आणून ठेवायचा. त्यावर कागद चिकटवलाय, काळ्या खाचेत लावा. या आठवड्यात तो तीनदा गेला आणि तीनदा परत आला.

कळावे,

आपली,
एक वाचक
सिंहगड रोड, पुणे